चाळणीतून फेकलेला ठोका

कपाट आवरायला घ्यावं आणि तळाशी चाचपडताना कोणाचा तरी हात लागावा, तशी ही गोष्ट आहे. भरदुपारची आहे, बरं का. तुम्ही म्हणाल, दुपारी कसली आलीय भीती! पण जिथं ती घडली तिथं जमिनीखाली दुपार पोचतच नाही, तेव्हा त्या वादात पडू नका. दिवा तेवढा असू द्या.

तर बाई त्या दिवशी आवराआवर करत होत्या. बाई म्हणजे अणुभौतिकीतल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञ, पण प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘चाळणीवाल्या बाई’ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. महिनाभरात निवृत्ती होती. वर्षानुवर्षं लिहिलेले प्रोग्रॅम पुढच्यांच्या हाती द्यायचे, तर निदान झाडून पुसून द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. निरुपयोगी ओळी शोधायच्या आणि पुसायच्या. काम कंटाळवाणं, पण बाईंना मनापासून आवडणारं.

चाळणी कसली ते सांगतो. प्रयोगशाळेखाली खूप खोल, खडकात कोरलेलं एक दालन आहे. त्यात दुमजली घराएवढी पोलादी टाकी, टाकीत अतिथंड द्रव आणि भिंतींना आतून काचेचे हजारो डोळे. कुठून तरी एखादा कण येऊन त्या द्रवात आपटला की इवलासा उजेड पडतो आणि ते डोळे तो टिपतात. पण सेकंदाला इतकं काही दिसतं की सगळं साठवायचं म्हटलं तर जगातले संगणक रडकुंडीला येतील. म्हणून मध्ये बाईंची चाळणी. एका मोठ्या खोलीत ओळीनं घुमणाऱ्या शेकडो संगणकांवर ती चालायची. काय ठेवायचं, काय फेकायचं, हे पापणी लवायच्या आत ठरवायची. फेकलं ते फेकलं. ते पुन्हा कोणाला दिसणार नाही.

“माझं अख्खं आयुष्य फेकण्यात गेलं,” बाई म्हणायच्या.

“आणि घरी रिकामी बाटली फेकू देत नाहीस,” त्यांचा नवरा म्हणायचा.

तरुणपणी बाई चुंबकी फिती पिशवीत घालून संगणकाच्या खोलीपर्यंत पायी न्यायच्या आणि आपला नंबर लागायची वाट बघत बाकावर डुलक्या काढायच्या. पुढं संगणक वाढत गेले, एकमेकांना जोडले गेले, आणि त्या सगळ्या कार्ट्यांना एकाच कामाला जुंपायचं कसब बाईंच्या हाती आलं. पण टाकीतला उजेड त्या संगणकांपर्यंत आणायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. बाईंचं डोकं आणि मास्तरांचे हात, अशी ती जोडी होती. भांडायचेही कडाकडा. एकदा एका वायरीवरून दोघं आठवडाभर बोलले नव्हते, निरोप मास्तरांच्या बायकोमार्फत जायचे. मास्तरांची बायको म्हणजे बाईंच्या वहिनी. त्या दोघींचं मात्र कधी वाजलं नाही.

मास्तरांची एक लकब होती. कोणाच्याही दारावर ते एकाच तऱ्हेनं ठोकायचे. टक-टक... टक. दोन जवळजवळ, मग जरा दम खाऊन तिसरा. नोंदी सुरू करण्याआधी टाकीतला प्रत्येक डोळा जागा आहे ना, हे पाहायला एक कृत्रिम ठोका सोडावा लागतो. त्यासाठी मास्तरांनी एक डबा बनवला आणि त्या डब्यालाही तीच लय दिली. “दार वाजवल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, बाई,” ते म्हणायचे.

आता हा ठोका काही खरा कण नव्हे, मग तो साठवायचा कशाला? म्हणून बाईंनी चाळणीत एक ओळ लिहून ठेवली होती. ही लय दिसली की मास्तर समजायचे आणि फेकून द्यायचं.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच दालनात गेले. टाकीतला द्रव कुठं गळला तर त्याचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो विषारीसुद्धा नाही. जड असतो म्हणून खोलगट जागी साठतो आणि तिथली श्वासाची हवा ढकलून देतो, एवढंच. माणूस गुदमरत नाही. त्याला झोप येते. मास्तर दालनाच्या पार टोकाला, टाकीखालच्या खड्ड्यात सापडले, टाकीला पाठ टेकून निवांत बसलेले. त्यांचं कामाचं टेबल दाराशी होतं. त्या टोकाला ते कशाला गेले होते, ते कोणालाच कळलं नाही. त्यानंतर त्यांचा तो डबा काढला आणि बाईंनी स्वतः नेऊन वहिनींना दिला.

तेव्हा ती ओळ आता निरुपयोगीच होती. पुसायच्या आधी बाईंनी सवयीनं पाहिलं, या ओळीनं एवढ्यात काही फेकलंय का? उत्तर शून्य यायला हवं होतं.

शून्य नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा भलामोठा होता आणि बघता बघता त्यात भर पडत होती. ती ओळ आजही काहीतरी फेकत होती. डबा नव्हता, मास्तर नव्हते, आणि त्यांचा ठोका गेली दोन वर्षं रोज येत होता.

बाई घाबरल्या नाहीत. अशा ठिकाणी जन्म गेलेला माणूस आधी ढिली वायर शोधतो. एखादा पंप थरथरत असेल, त्यात योगायोगानं ही लय बसत असेल. त्यांनी फक्त एक केलं. त्या ओळीपुरती चाळणी बंद केली आणि समोरच्या पडद्यावर टाकीचा नकाशा लावला. जो डोळा उजेड टिपेल तो ठिपका पेटणार.

त्या दिवशी खऱ्या नोंदी बंद होत्या, नुसती चाचणी चालू होती. खऱ्या नोंदी चालू केल्या की दालनात मोठा विजेचा दाब सुरू होतो आणि दार आपोआप कुलूपबंद होतं. चाचणीच्या दिवशी मात्र आत माणूस काम करू शकतो. आत भिंगरी होती, मास्तरांची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून बापानंच ठेवलेलं नाव. बाप गेल्यावर पोरगी हट्टानं त्याच्याच जागेवर आली. वहिनी बाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या होत्या, “मी तिला अडवू शकत नाही. पण तुम्ही वर आहात, एवढ्याच भरवशावर खाली जाऊ देतेय.” बाई हो म्हणाल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. भिंगरी लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून जुन्या फितींची भेंडोळी उलगडायची.

पडद्यावर ठिपके पेटले. दाराजवळचे. टक-टक... टक.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो पंप नव्हता. पंपाला दम खाता येत नाही. तिसऱ्या ठोक्याआधीची ती थांबण्याची तऱ्हा त्यांनी इतक्या वर्षांत हजारदा ऐकली होती.

पुन्हा दाराजवळ. टक-टक... टक. मग पुन्हा. मधली अंतरं कमी होऊ लागली. कोणी दार ठोठावतंय, उघडत नाही, म्हणून जीव खाऊन ठोठावतंय, असं.

बाईंनी खालच्या फोनचं बटण दाबलं. “भिंगरी, दाराशी कोण आहे गं?”

बराच वेळ नुसती घरघर. मग आवाज आला, जड, ओढलेला.

“मावशी... कोणी नाही. मी इकडं टोकाला आहे. झोप येतेय जरा... पाच मिनिटं टेकते...”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हवा मोजणारा दिवा पडद्याच्या कोपऱ्यात हिरवागार होता. तो खोटं बोलत होता. त्यांनी धोक्याचं बटण दाबलं. पण मुखवटे घातलेली माणसं खाली पोचायला वेळ लागणार होता, आणि स्वतः तशाच धावत गेल्या असत्या तर दोघी तिथंच बसून राहिल्या असत्या. आवाज एवढाच काय तो होता त्यांच्याकडं.

“बसू नकोस! ऊठ! ऐकतेस ना? दाराकडं चल!”

“ओरडताय कशाला मावशी...”

“भिंगरे, तुला दारावरचं ठोकणं ऐकू येतंय का? नीट ऐक!”

घरघर. मग अगदी हळू, झोपेतल्या लहान पोरासारखं, “येतंय... दारावर... बाबा वाजवतात तसं...”

“मग जा ना, दार उघड जा! बाहेर उभे आहेत ते कधीचे!”

हे आपण काय बोललो ते बाईंना नंतर उमगलं. पण पोरगी उठली. पाय ओढत चालल्याचा आवाज फोनमधून लांब लांब जात राहिला. दाराजवळचे ठिपके पेटत होते, विझत होते. मग दाराचा तो करकर आवाज आला आणि सगळे ठिपके एकदम विझले.

बाहेर कोणी नव्हतं. मुखवटेवाले पोचले तेव्हा भिंगरी दाराबाहेर जमिनीवर बसून ओकत होती. जिवंत होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत वहिनी लेकीचे पाय चोळत होत्या आणि रडत होत्या. बाईही रडल्या, अगदी हुंदके देऊन. “दोन वर्षं तो माणूस ठोकत होता हो वहिनी. आणि मीच लिहून ठेवलं होतं की ऐकू नका म्हणून.”

“आज ऐकलंत ना,” वहिनी म्हणाल्या.

भिंगरी नाकाला नळी लावून हसत होती. बाबा खाली आहेत, या एका गोष्टीनं तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की बाईंना तिच्याकडं बघवेना. नंतर ती सहज बोलावं तसं बोलली. “मावशी, एक गंमत. तो ठोका माझ्या पाठीमागूनही येत होता. खड्ड्यातून. अगदी कानाशी. आधी वाटलं तिकडंच जावं. मग म्हटलं, भिंतीवरून घुमत असेल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या खोलीत बसून ती साठवलेली नोंद काढली आणि अगदी सावकाश पाहिली. पडद्यावर सगळं एकदम झाल्यासारखं वाटलं होतं. पण त्यांचं आयुष्य सेकंदाचे बारीक तुकडे करण्यात गेलं होतं. त्यांनी तुकडे केले आणि एकेक पाहत गेल्या.

दारावरचा ठोका पहिला नव्हताच.

आधी खड्ड्याच्या बाजूचे ठिपके पेटत होते, मंद, जेमतेम दिसतील इतके. टक-टक... टक. तीच लय. मग त्यावर दाराकडचे, घाईनं. पुन्हा खड्डा. पुन्हा दार. घुमणारा आवाज नंतर येतो, आधी येत नाही. खड्ड्यातून कोणीतरी बोलावत होतं. त्याचं बोलावणं ऐकू येऊ नये म्हणून दाराशी उभं राहून दुसरं कोणीतरी जिवाच्या आकांतानं ठोकत होतं.

आणि मग बाईंना आठवलं. डबा बनवला तेव्हा त्यांनी मास्तरांची थट्टा केली होती, यंत्रालाही आपलीच सवय लावलीत म्हणून. मास्तर हसले होते. “माझी कुठली? टाकी उतरवायच्या आधी तो खड्डा साफ करत होतो, तेव्हा खालून ही लय ऐकू आली. खडक तडकत असेल. मला आवडली, तेव्हापासून हाताला लागली.”

बाईंनी खोलीतला पंखा बंद केला. उगाच. त्यांना नीट ऐकायचं होतं आणि काही ऐकूही यायला नको होतं.

आता हे सांगणार कोणाला? वरिष्ठांना? ते म्हणाले असते, निवृत्ती जवळ आली, विश्रांती घ्या. गळती बुजवली होती. हवा तीन वेगवेगळ्या यंत्रांनी मोजली होती, तिन्हींनी चांगली म्हणून सांगितलं होतं. बाईंनी भिंगरीला फोन लावला, तर लागेना. मग कळलं, ती दवाखान्यातून निघून थेट कामावर आली होती. भिंगरीच ती!

खालच्या फोनवरून तिचाच आवाज आला. टवटवीत.

“मावशी, मी दाराबाहेर आहे. खड्ड्यातला हवामापक बिघडलाय, तो बदलून येते.”

“आज नको. तू वर ये आधी. मला बोलायचंय.”

“दहा मिनिटांचं काम हो. आणि घाबरता कशाला? बाबा आहेत ना आत.” ती हसली. “ऐका... ऐकलंत? ये म्हणताहेत.”

बाईंनी पडद्याकडं पाहिलं. खड्ड्याकडचे ठिपके पेटले होते. आज ते मंद नव्हते. टक-टक... टक. आणि लगेच दाराकडचे, वेडेपिसे झाल्यासारखे, लय सोडून, नुसते टकटकटकटक.

“दारावर किती जोरात ठोकताहेत बघा! थांबा बाबा, आले!”

“भिंगरी, ते ये म्हणत नाहीयेत...”

दाराची कडी सरकल्याचा आवाज आला. बाईंनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. ना कोणाला विचारलं, ना सूचना दिली, चाचणी तोडून टाकली आणि खऱ्या नोंदी सुरू केल्या. विजेचा दाब चढला. खाली खाड्कन कुलूप पडलं.

“मावशी!” भिंगरी बाहेरून दारावर बुक्के मारत होती. “हे काय केलंत? उघडा!”

“वर ये,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात बटणावरून निघत नव्हता.

ती आली ती तणतणत. आल्या आल्या पाठीमागं दार आपटून लावलं, कडी घातली आणि भांडायला उभी राहिली, हुबेहूब बापासारखी. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर ती नोंद दाखवली. आधी खड्डा, मग दार. पुन्हा खड्डा, मग दार. जास्त काही समजवावं लागलं नाही. मास्तर त्या दिवशी टोकाला का गेले, हे त्या पोरीच्या डोळ्यांत उतरताना बाईंनी पाहिलं. तिचा राग कुठल्या कुठं गेला.

“म्हणजे बाबा... रोज त्याच्यासमोर उभे असतात? एकटे?”

बाईंनी तिला जवळ घेतलं. घराच्या उंबऱ्याशी रात्रंदिवस जागत बसलेल्या माणसाला ‘आता झोपा’ म्हणायचीही सोय नव्हती. “खऱ्या नोंदी चालू आहेत तोवर ते दार उघडणार नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. “मी निवृत्त झाले तरी चालू ठेवायची व्यवस्था करते. काहीही कारण सांगेन.”

दोघी तशाच बसून राहिल्या. शेजारच्या खोलीतून संगणकांची घरघर येत होती. खिडकीत ऊन होतं. कॉफीच्या कपावर साय धरली होती. पडद्यावर टाकी शांत होती, खड्डाही काळा आणि दारही काळं. पहिल्यांदाच खड्डा इतका वेळ गप्प होता. भिंगरीनं डोळे पुसले.

तेवढ्यात खोलीच्या दारावर कोणीतरी ठोकलं.

टक-टक... टक.

अगदी हळू, सभ्यपणे. कोणाच्या घरात शिरताना ठोकावं तसं.

भिंगरीचा चेहरा उजळला. ती उठलीच. “बाबा वर आले, मावशी,” ती कुजबुजली. “सुटले...” दोन पावलांत ती दाराशी पोचली आणि तिचा हात कडीवर गेला.

बाईही अर्धवट उठल्या होत्या. त्यांनाही तेच वाटलं होतं, अगदी तेच, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यातूनच त्यांना पडदा दिसला.

खाली, खूप खोल, कुलूपबंद दालनाच्या दाराजवळचे सगळे ठिपके एकदम पेटले होते आणि विझायचं नाव घेत नव्हते. टकटकटकटकटक.

मास्तर तर खालीच होते.